मूल म्हणजे चाचणी नव्हे

कृत्रिम रेतनासाठी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गोठीत रेतमात्रा येते. ती ज्या वळूची असते, त्याची जनुकीय तपासणी आधी झालेली असावी लागते. वळूने कोणकोणते आनुवंशिक आजार लपवून बाळगलेले नसावेत, याची यादीच केंद्रीय पशुसंवर्धन विभागाच्या नियमावलीत आहे. ‘लपवून’ हा शब्द महत्त्वाचा. असा वळू स्वतः धडधाकट, देखणा, वजनदार असतो. दोष दिसतो तो त्याच्या काही वासरांत, आणि तोही गायीकडून तसाच दोष आला तर. एका वळूची वासरे हजारोंनी जन्मतात, म्हणून ही खबरदारी.

त्याच गावात, त्याच महिन्यात एखादे लग्न ठरते. पत्रिका जुळतात, देण्याघेण्याची बोलणी होतात, कार्यालयाची तारीख मिळते. दोघांच्या रक्तात काय दडले आहे, हे कुणी विचारत नाही. वर्ष-दोन वर्षांत पाळणा हलतो. बाळ सहा-आठ महिन्यांचे होते न होते तोच पांढरेफटक पडू लागते, किंवा त्याचे हातपाय सुजतात आणि ते कळवळून रडते. आधी गावचा दवाखाना, मग तालुका, मग जिल्हा. तिथे बाळाचे रक्त तपासले जाते, मग आईवडिलांचे. तेव्हा पहिल्यांदा कळते की दोघेही वाहक आहेत. दोघांनाही आयुष्यात कधी काही झालेले नव्हते, आणि पुढेही बहुधा होणार नाही. त्रास बाळाला.

वळूबाबत जे आधी कळते, ते माणसाबाबत मूल आजारी पडल्यावर कळते. हा क्रम उलटा आहे. तो सुलटा करण्यासाठी लागणारे ज्ञान दीडशे वर्षांपूर्वीचे आहे आणि लागणारी तपासणी आज सरकारी जिल्हा रुग्णालयांच्या आवाक्यातली आहे. तरीही तो का उलटत नाही, याचा विचार करायचा तर सुरुवात वाटाण्याच्या वाफ्यातून करावी लागते.

ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत ग्रेगोर मेंडेलने १८५६ पासून सुमारे आठ वर्षे वाटाण्यावर प्रयोग केले. १८६५ मध्ये त्याने ते तिथल्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले आणि पुढच्या वर्षी ते छापून आले. शाळेत आपण त्यातले तीनास एक हे प्रमाण पाठ केलेले असते. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघतात. ते दाणे पेरून आलेल्या झाडांच्या शेंगा सोलल्या की सुरकुत्या पुन्हा हजर होतात. मेंडेलला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. सुरकुती मधल्या पिढीत नाहीशी झाली नव्हती, दबून होती. म्हणून तो गुण अप्रभावी, आणि त्याला झाकणारा गोल दाणा प्रभावी.

इथे एक अडचण उभी राहते. समोर एक गोल दाणा आहे. तो दोन्हीकडून ‘गोल’ घेऊन आलेला शुद्ध दाणा आहे, की एकीकडून ‘सुरकुतलेला’ घेऊन आलेला संकरित? डोळ्यांना दोन्ही सारखेच. यावर मेंडेलने जो उपाय केला, त्याला पुढे ‘चाचणी संकर’ हे नाव पडले. शंका असलेल्या झाडाचा संकर सुरकुतलेल्या जातीशीच करायचा. सुरकुतलेल्या झाडाकडे दुसरे काही झाकून टाकण्याची ताकदच नसते, त्यामुळे दुसऱ्या झाडाने जे दिले ते संततीत उघडे पडते. शंका असलेले झाड शुद्ध असेल तर सगळे दाणे गोल. संकरित असेल तर निम्मे गोल, निम्मे सुरकुतलेले. मेंडेलने दोन गुण एकदम घेऊनही हे करून पाहिले. गोल-पिवळ्या संकरिताचा सुरकुतलेल्या-हिरव्याशी संकर केल्यावर चारही प्रकारचे दाणे सारख्या प्रमाणात यायला हवेत, असा त्याचा हिशेब होता. एका प्रयोगात दाणे आले ते असे: ३१ गोल पिवळे, २६ गोल हिरवे, २७ सुरकुतलेले पिवळे आणि २६ सुरकुतलेले हिरवे. आधी सांगायचे आणि मग मोजायचे, या पद्धतीने आनुवंशिकतेला गणित मिळाले.

या चाचणीचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते. आईबापांत काय दडले आहे, ते संततीवरून ओळखायचे. वाटाण्याला हे चालते. शेंगा शेकड्यांनी येतात, दाणे हजारांनी, आणि सुरकुतलेला दाणा कुणाला रडवत नाही.

जनावरांच्या पैदाशीत हीच पद्धत अनेक दशके वापरली गेली आणि तिची किंमतही तिथेच कळली. अमेरिकेत १९४०-५० च्या दशकांत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या हेरफर्ड जातीत खुजी, धापा टाकणारी वासरे जन्मू लागली. दोष अप्रभावी होता. म्हणजे गायही धडधाकट आणि वळूही धडधाकट. मग वळूची परीक्षा घ्यायची कशी? ज्या गायींना असे वासरू झालेले आहे, म्हणजे ज्या नक्की वाहक आहेत, त्यांच्याशी त्याला भरवायचे. वळूही वाहक असेल तर प्रत्येक खेपेला दोषी वासरू होण्याची शक्यता चारांत एक, निरोगी होण्याची चारांत तीन. दोन निरोगी वासरे झाली म्हणून वळू सुटला असे होत नाही, ते नशिबानेही होऊ शकते. वळू निर्दोष आहे असे शंभरात नव्व्याण्णव खात्रीने म्हणायचे, तर अशी साधारण सोळा-सतरा वासरे ओळीने निरोगी निघावी लागतात. वळू स्वतःच्याच लेकींना भरवून बघायचे ठरवले, तर पस्तीस. इतकी वर्षे, इतका चारा आणि इतकी मेलेली वासरे खर्ची पडल्यावर उत्तर मिळायचे. १९९२ मध्ये होल्स्टीन गायींमधल्या अशाच एका जीवघेण्या दोषाचे जनुक सापडले. त्या दोषात वासराच्या पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीबाहेर पडून जंतूंशी लढताच येत नाही. जनुक सापडताच रक्ताच्या काही थेंबांवर काम भागू लागले. भारतातल्या वळूंच्या नियमावलीत जे आजार आहेत, त्यांत हाही आहे.

आता हेच गणित माणसाच्या घरात आणून बघू. ‘आमच्या घराण्यात असले काही नाही’ हे वाक्य लग्नाच्या बोलण्यांत आपण सर्रास ऐकतो. या वाक्याला पुरावा म्हणून किती किंमत द्यायची? समजा, नवराबायको दोघेही एकाच अप्रभावी आजाराचे वाहक आहेत. एकच मूल झाले तर ते आजारी नसण्याची शक्यता ७५ टक्के. दोन मुले झाली तर दोन्ही आजारी नसण्याची शक्यता ५६ टक्के. म्हणजे दोन अपत्यांवर थांबणाऱ्या अशा निम्म्याहून अधिक घरांत आजार दिसणारच नाही, पण दोष मात्र मुलांच्या रक्तातून पुढे सरकेल. पणजीच्या काळी आठ-आठ मुले होत. त्या हिशेबाने अशा दहांतल्या नऊ घरांत तो दिसायला हवा होता. पण तेव्हा मुले देवी, गोवर, हगवण, हिवताप अशा कशानेही जात. कोणते मूल कशाने गेले, हे कोण लिहून ठेवणार? तेव्हा मुले पुष्कळ होती पण निदान नव्हते. आता निदान आहे पण मुले मोजकी आहेत. दोन्ही काळांत घराण्याचा इतिहास ही कच्चीच साक्ष ठरते. वळूला सोडायला सोळा वासरे लागतात, तिथे आपण एका धडधाकट मुलावर आणि दोन गुटगुटीत पुतण्यांवर विसंबतो.

ही साक्ष काढायची गरजच नाही, हे १९४९ मध्ये ठरून गेले. सिकलसेलच्या आजारी मुलांच्या आईवडिलांचे रक्त अमेरिकेतल्या जेम्स नील यांनी तपासले, तेव्हा तपासलेल्या प्रत्येक पालकात विळ्याच्या आकाराकडे झुकणाऱ्या पेशी सापडल्या. एकाकडून दोष आला तर मूल वाहक, दोघांकडून आला तर आजारी, हे त्यातून सिद्ध झाले. त्याच वर्षी लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे आहे आणि वाहकाच्या रक्तात नेहमीचे व वेगळे असे दोन्ही प्रकार एकत्र असतात. मेंडेलच्या भाषेत जो गुण झाकलेला, तो शरीरात झाकलेला असतो, परीक्षानळीत नाही. वाहकाच्या रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन साधारण ३५ ते ४० टक्के असते आणि ते मोजता येते. ज्या उत्तरासाठी वाटाण्याला शेंगा धराव्या लागत आणि वळूला वासरे द्यावी लागत, ते उत्तर माणसाच्या दंडातून काढलेल्या चमचाभर रक्तात आहे.

महाराष्ट्राला हे शास्त्र परके नाही, कारण हा आजार परका नाही. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. महाराष्ट्रात त्याचे दोन मोठे पट्टे आहेत. एक सातपुड्याचा, नंदुरबार-धुळ्यापासून मेळघाटापर्यंत. दुसरा पूर्व विदर्भाचा, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान अशा समाजांत वाहकांचे प्रमाण मोठे आहे, आणि विदर्भात अनुसूचित जातींमध्ये व इतर काही समाजांतही हा आजार आहे. ‘तो आदिवासींचा आजार’ म्हणून हात झटकता येत नाहीत. थॅलॅसेमिया तर शहरांत आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत वाहक अधिक असले तरी बाकीचे समाज मुक्त नाहीत. देशात शंभरात तीन ते चार माणसे बीटा थॅलॅसेमियाची वाहक आहेत आणि दरवर्षी साधारण दहा ते बारा हजार मुले त्याचे गंभीर रूप घेऊन जन्मतात, असा सरकारी मार्गदर्शक सूचनांतला अंदाज आहे. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्या रक्तातून साठणारे लोह काढायला रोज औषध घ्यावे लागते, आणि हे आयुष्यभर. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने काही मुले बरी होतात, पण त्यासाठी जुळणारा दाता हवा आणि मोठा खर्चही पेलायला हवा.

तपासणी म्हणजे नेमके काय, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे, कारण इथेच घोटाळा होतो. शिबिरांत बहुधा सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती स्वस्त आणि झटपट आहे, पण तिला फक्त सिकलचे हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच कळते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटीचा भरवसा धरता येत नाही, कारण तेव्हा त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बरेच असते. आणखी महत्त्वाचे म्हणजे, या चाचणीला थॅलॅसेमिया अजिबात दिसत नाही. एक जोडीदार सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलॅसेमियाचा, अशी जोडी असेल तर मूल दोन्हींचा मिळून होणारा आजार घेऊन येऊ शकते. ‘एकालाच सिकल आहे, मग भीती नाही’ असे म्हणून अशा जोडप्याला परत पाठवणे ही चूक आहे. थॅलॅसेमियाच्या वाहकाचीही वेगळीच कथा असते. त्याचे हिमोग्लोबिन किंचित कमी, तांबड्या पेशी आकाराने लहान. साध्या सीबीसीच्या कागदावर हे दिसते, पण ते लोहाची कमतरता समजून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. गोळ्या घेऊनही पेशी लहानच राहत असतील तर एचपीएलसी करून घ्यावी.

तपासणी सुरू कुठून करायची, याचेही उत्तर मेंडेलच्याच गणितात आहे. ज्या घरात एक रुग्ण आहे तिथून. दोन वाहकांच्या मुलांत सरासरी एक रुग्ण, दोन वाहक आणि एक पूर्ण मुक्त असे वाटप असते. म्हणजे रुग्णाचे जे भाऊबहीण निरोगी दिसतात, त्यांतल्या तिघांतले दोघे वाहक असण्याची शक्यता असते. रुग्णाच्या काका, आत्या, मामा, मावशी यांच्यापैकी प्रत्येकाची शक्यता निम्मी. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या कुटुंबांनी तर हे आवर्जून लक्षात ठेवावे. एखादा तरुण वाहक असेल तर त्याच्या मामेबहिणीत नेमका तोच दोष आलेला असण्याची शक्यता आठांत एक असते. चार टक्के वाहक असलेल्या समाजातल्या अनोळखी मुलीबाबत ती पंचविसांत एक असते. एका रुग्णाच्या घरी गेलेल्या आरोग्य सेवकाला तिथल्या अंगणातच दहा वाहक सापडू शकतात. गावभर शिबिर घेऊन तितके सापडायला बराच वेळ लागेल.

आता त्या ‘चारांत एक’विषयी. समुपदेशकांच्या खोलीत या तीन शब्दांएवढा गैरसमज दुसऱ्या कशाचा होत नसेल. पहिले मूल आजारी जन्मले की अनेक जोडप्यांना वाटते, चारांतले एक झाले, आता पुढची तीन सुखरूप. निसर्ग असा हिशेब ठेवत नाही. नाणेफेकीत छापा पडला म्हणून पुढच्या वेळी काटा पडायला नाणे बांधील नसते. प्रत्येक गर्भारपणात शक्यता नव्याने चारांत एकच. तीन मुले निरोगी झाली म्हणून चौथे आजारीच होणार, असेही नाही. मेंडेलचे प्रमाण हजारो दाण्यांवर खरे ठरते. एका शेंगेत ते शोधू नये.

दुसरा गैरसमज याहून क्रूर आहे. मूल आजारी जन्मले की दोष सुनेच्या माथी मारला जातो. दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी होतात. अप्रभावी आजाराचे गणित इथे स्पष्ट साक्ष देते: दोघांनी दिल्याशिवाय मूल आजारी होत नाही. आईचा अर्धा वाटा असेल तर बापाचाही अर्धा असतोच. आणि वाहक असणे हा दोषही नव्हे, आजारही नव्हे. सिकलच्या वाहकाला लहानपणी जीवघेण्या हिवतापापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून पुढे आले. हिवतापाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक टिकले ते त्यामुळेच. ज्याला आज कलंक म्हणतात, त्याने पूर्वजांची मुले वाचवली आहेत.

तपासणीमागे समजावणे नसेल तर काय होते, याचा धडा ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात मिळाला. तिथे सिकलचे वाहक पुष्कळ. लग्ने घरच्यांनी जुळवायची रीत. संशोधकांनी गावाची तपासणी केली, निकाल कळवले आणि वाहकांनी वाहकाशी लग्न करणे टाळावे असे सांगितले. काही वर्षांनी पाहिले तर दोन वाहकांची लग्ने जवळपास तितकीच झाली होती, जितकी काहीही न सांगता झाली असती. वाहकांना कमी लेखले जाऊ लागले होते, म्हणून कुटुंबे निकाल लपवत होती. तपासणीने आजार थांबला नाही, वर लाज मात्र पेरली गेली.

उलट उदाहरणेही आहेत. सायप्रसमध्ये थॅलॅसेमियाच्या वाहकांचे प्रमाण इतके मोठे होते की रक्तपेढ्या कोलमडायची वेळ आली होती. तिथे सरकार, डॉक्टर, पालकांच्या संघटना आणि चर्च एकत्र आले. १९८० च्या दशकात चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखला तपासणी झाल्याचा, निकालाचा नव्हे. लग्न मोडण्याची सक्ती नव्हती, आणि बहुतेक वाहक जोडप्यांनी ठरलेले लग्न केलेच. फरक एवढाच की त्यांना आधी माहीत होते आणि गर्भारपणात लवकर तपासणीची सोय होती. गंभीर थॅलॅसेमिया घेऊन जन्मणाऱ्या मुलांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू समाजाने १९८३ मध्ये वेगळी वाट काढली. टे-सॅक्स या आजाराने चार मुले गमावलेल्या एका धर्मगुरूने ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. शाळकरी वयातच मुलामुलींचे रक्त तपासायचे, निकाल कुणालाच सांगायचा नाही, फक्त एक क्रमांक द्यायचा. स्थळ आले की दोन्ही क्रमांक कळवायचे. उत्तर मिळते ते जोडीचे: जुळते किंवा जुळत नाही. कोणी एकटा ‘सदोष’ ठरत नाही, कारण एकटा वाहक सदोष नसतोच. ज्यांच्याकडे लग्ने जुळवूनच होतात, त्या आपल्यासारख्या समाजाने या कल्पनेकडे जरा थांबून पाहावे.

आपल्याकडे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झाली. १७ राज्यांतल्या चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. तपासलेल्याला कार्ड मिळते. मोहीम स्वागतार्ह आहे. पण किती कार्डे वाटली यावर तिचे यश मोजले गेले तर ऑर्कोमेनोसची पुनरावृत्ती व्हायला वेळ लागणार नाही. कार्ड पत्र्याच्या पेटीत जाऊन पडते आणि लग्नाच्या वेळी कुणी बाहेर काढत नाही, किंवा कुणाच्या हाती लागले की मुलीचे स्थळ मोडते. म्हणून चार गोष्टींचा आग्रह धरायला हवा.

पहिली गोष्ट, तपासणीचे वय. अकरावी-बारावी आणि आयटीआय, पदविका यांचे वर्ग ही योग्य जागा. तिथे विज्ञानाच्या तासाला मेंडेल शिकवला जातोच, त्याच आठवड्यात रक्त तपासले जावे. लग्नाआधी राहून गेलेच तर गर्भारपणाच्या पहिल्या नोंदणीला. ती वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याचीही तपासणी व्हावी. गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून होऊ शकते. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ती कायद्याने मान्य आहे आणि तिच्या आड लिंगनिदान करणे हा गुन्हा आहे. निर्णय जोडप्याचाच. पण पाचव्या महिन्यात जाग आली तर निर्णयाला जागाच उरत नाही. दुसरी गोष्ट, सिकल आणि थॅलॅसेमिया एकत्र तपासावेत आणि एचपीएलसीची सोय जिल्ह्यात खात्रीने चालू असावी. परळची आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आणि तिचे चंद्रपूरचे केंद्र यांचे ज्ञान तालुक्यापर्यंत उतरायला हवे. तिसरी, समुपदेशक. माडिया, गोंडी, भिली, पावरी बोलणारे, आणि ‘चारांत एक’ हे कवड्यांनी किंवा बियांनी समजावून सांगणारे. चौथी, गोपनीयता. निकाल ज्याचा त्याला, चावडीवर नाही.

याशिवाय एक इशारा आणि एक मर्यादा सांगायला हवी. इशारा हा की, वाहकांना लग्नापासून किंवा मूल होण्यापासून रोखण्याची भाषा कुणी करू नये. वंशशुद्धीच्या नावाखाली विसाव्या शतकात सक्तीच्या नसबंदीपर्यंत मजल गेली होती. ती अमानुष तर होतीच, पण मेंडेलच्या हिशेबातही न बसणारी होती. दहा हजारांत एकाला होणाऱ्या अप्रभावी आजाराचे वाहक पन्नासांत एक असतात. म्हणजे एका रुग्णामागे दोनशे वाहक. असे दोष थोड्याबहुत प्रमाणात प्रत्येकाच्याच रक्तात असतात. कोण कोणाला वगळणार? आणि ‘निर्मूलन’ आजाराचे करायचे आहे, रुग्णाचे नाही. जी मुले आज सिकल घेऊन जगत आहेत त्यांना हायड्रॉक्सीयुरिया, लसी आणि पहिल्या वर्षांतले पेनिसिलिन वेळेवर मिळणे हा मोहिमेचा तितकाच मोठा भाग आहे. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल आणि थॅलॅसेमिया यांना दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. त्याचे दाखले मिळवताना पालकांच्या चपला झिजू नयेत.

मर्यादा ही की, हे सारे गणित एकाच जनुकाने ठरणाऱ्या गुणांचे आहे. उंची, रंग, मधुमेह, रक्तदाब, बुद्धी यांत शेकडो जनुके आणि परिस्थिती गुंतलेली असते. तिथे चारांत एक, निम्मे-निम्मे असे काही चालत नाही. बाळाची बुद्धी किंवा खेळातले कौशल्य थुंकीवरून सांगणाऱ्या जाहिरातींना म्हणूनच भुलू नये. सिकलमध्येही मूल आजारी होईल का, हे सांगता येते. आजार किती तीव्र असेल, हे तितक्या खात्रीने सांगता येत नाही.

मेंडेलने सुरकुतलेल्या दाण्यातून गोल दाण्याचे गुपित काढले, तेव्हा त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. गुराख्यालाही पुष्कळ वर्षे नव्हता. आपल्यापुढे आहे. तरीही दर वर्षी हजारो जोडपी आपल्या रक्तातले सत्य आपल्याच मुलाच्या दुखण्यातून वाचतात. वळूला जी तपासणी आपण नाकारत नाही, ती घरातल्या लेकीसुनांना आणि मुलाजावयांना वेळेवर मिळावी, एवढीच मागणी आहे. मूल हे आईबापांच्या रक्ताची चाचणी म्हणून जन्माला येऊ नये.